खेळातली गाडी, खरी गाडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, गेल्या पावसाळ्यात लातूरहून माझ्या नातीचा फोन आला. ती तिथं बारावीच्या शिकवणीसाठी राहते. आमच्या नांदेडची काही लेकरं लातूरला आणि लातूरची काही नांदेडला, असा हा शिकवण्यांचा व्यवहार आहे. मला वाटलं, पैसे संपले असतील. पण तिनं विचारलं, "आबा, १९४७ साली नांदेडहून लातूरला माणूस जायचा कसा? आणि त्याच्याही पुढं, बार्शीला?"

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. इतक्या घाईनं उत्तर हवं असलेला प्रश्न मला कुणी विचारल्याचं आठवत नाही. मी म्हणालो, "परीक्षेत आहे का?" ती म्हणाली, "नाही आबा, खेळात आहे."

हा खेळ काय, ते मला समजून घ्यायला दोन फोन लागले. वसतिगृहातल्या पाच मुली रविवारी दुपारी कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन बसतात. एकीनं सूत्रधार व्हायचं. बाकीच्यांनी एकेक माणूस घ्यायचा आणि त्या माणसासारखं बोलायचं, त्याच्यासारखा निर्णय घ्यायचा. जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. अमेरिकेत १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ निघाला, तेव्हापासून हा प्रकार रूढ झाला. तिकडं त्यात राक्षस, भुयारं आणि जादूगार असतात. या मुलींनी ठरवलं, आपल्याला भुयारं कशाला हवीत? आपण निझामाच्या राज्यात खेळू.

गोष्ट अशी की, १९४७ चा हिवाळा आहे. हैदराबाद संस्थान भारतात सामील झालेलं नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू आहे आणि सरहद्दीपलीकडं, बार्शी तालुक्यात, कार्यकर्त्यांचे कॅम्प आहेत. नांदेडहून एक चिठ्ठी त्या कॅम्पात पोचवायची. एक मुलगी झाली कापसाच्या अडत्याचा मुनीम, एक शाळकरी मुलगा, एक पंढरपूरला निघालेली विधवा बाई, आणि एक मोटारीचा क्लीनर. माझी नात सूत्रधार. तिची अडचण एवढीच होती की, या चौघांना गाडीत कसं बसवायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

मी जुन्या वह्या काढल्या.

नांदेडला रेल्वे आली ती विसावं शतक उजाडता उजाडता, हैदराबादहून मनमाडला गेलेल्या गोदावरी व्हॅली मार्गावर. तो मीटर गेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. लातूरची रेल्वे अगदी निराळी. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची ही बार्शी लाइट रेल्वे. तिची रुंदी अवघी अडीच फूट. १८९७ साली ती बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, इथून बार्शीपर्यंत सुरू झाली, पुढं पंढरपूरला गेली आणि दुसऱ्या अंगानं १९११ साली लातूरला पोचली. (याच कॅल्थ्रॉपनं पुढं विमानातून उडी मारण्यासाठी पॅराशूट तयार केलं. त्याच्या रेल्वेचा वेग पाहता तिच्यातून उडी मारायला पॅराशूट लागत नसे.) तिसरी लाइन विकाराबादहून बीदर, उदगीर करत परळीकडं जाणारी. ती ब्रॉडगेज, साडेपाच फुटी. एवढ्याशा मुलखात तीन रुंदीचे रूळ, आणि एकाची गाडी दुसऱ्यावर चालणार नाही.

तेव्हा रेल्वेनं जायचं तर नांदेडहून पूर्णा, परभणी, तिथून परळी, परळीला गाडी बदलून लातूर रोड. आता 'लातूर रोड' या नावाला नवखा माणूस फसतो. स्टेशनच्या नावाला 'रोड' जोडलेलं असलं, की गाव अजून दूर आहे असं समजावं. बार्शी रोडला बार्शी नव्हती आणि लातूर रोडला लातूर नाही. तिथं उतरून सडकेनं लातूर गाठायचं आणि मग छोट्या गाडीत बसायचं.

दुसरा मार्ग थेट सडकेचा. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर. आजच्या हिशेबानं हे अंतर साधारण १४० किलोमीटर. निझाम सरकारनं १९३० साली रेल्वे कंपनी विकत घेतली आणि १९३२ च्या जून महिन्यात रेल्वेचंच मोटार खातं काढलं. सुरुवातीला २७ मोटारी आणि १६६ नोकर. रेल्वेचे उतारू मोटारी पळवतात, तर मोटारीही रेल्वेनंच चालवाव्यात, असा त्यामागचा सरळ हिशेब. म्हणजे इकडच्या एसटीचं आजोळ रेल्वेच्या घरात आहे. मुंबई राज्यात एसटीची पहिली गाडी धावली ती १ जून १९४८ रोजी, पुणे ते अहमदनगर. सरकारी मोटार आपल्याकडं त्याच्या सोळा वर्षं आधी आलेली होती. पुढं १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि १९६१ साली आपली राज्य परिवहन सेवा आजच्या महामंडळात विलीन झाली.

आणि पैसा. संस्थानात हाली रुपया चाले, इंग्रजी हद्दीत कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. येडशी सोडून गाडी पांगरीकडं निघाली, की राज्य बदललं, नाणं बदललं. मालावर जकात घेणारं निझामाचं खातं म्हणजे करोडगिरी. सरहद्दीवर त्याचे नाके.

हे सगळं मी अकरा पानं लिहून, त्यांचे फोटो काढून नातीला पाठवलं. मोठ्या समाधानानं झोपलो.

पुढच्या रविवारी रात्री फोन. "आबा, दोन तास खेळलो आणि परळीलाच पोचलो." बिचारीनं माझी अकरा पानं तंतोतंत पाळली होती. नांदेडला तिकीट काढा, पूर्ण्याला थांबा, परभणीला उतरा, सामान मोजा, पुन्हा चढा. गाडी उशिरा आली का, त्यासाठी फासा. जागा मिळाली का, त्यासाठी फासा. "एक जण तर खरोखरच झोपली," ती म्हणाली. मी म्हणालो, "अगं, खरंच असं होतं." ती म्हणाली, "खरं होतं, पण खेळ नव्हता."

त्याच्या पुढच्या रविवारी तिनं उलट टोक गाठलं. चौघांनी नांदेडला चिठ्ठी घेतली आणि सूत्रधार म्हणाली, "तुम्ही बार्शीला पोचलात." पंधरा मिनिटांत मोहीम फत्ते. तेव्हा मुनीम झालेल्या मुलीनं विचारलं म्हणे, "मग निझाम कुठंय?" मला तो प्रश्न फार आवडला. सरहद्द नाही, नाका नाही, हाली रुपया नाही, रात्रभर स्टेशनावर कोण आपल्याकडं बघतंय ही धास्ती नाही. मग १९४७ कशाला, कालचा मंगळवारसुद्धा चालला असता.

त्या रात्री मला झोप लागेना, कारण हीच चोरी मी आयुष्यभर केली होती. आम्ही इतिहासवाले लिहितो, "कार्यकर्ते सरहद्द ओलांडून बार्शीकडे गेले." गेले! या एका क्रियापदात आम्ही गाड्या, नाके, मुक्काम, भूक आणि भीती गिळून टाकतो. वर्गात तेच शिकवतो. लढ्यातल्या साध्या माणसाचं आयुष्य भाषणं ऐकण्यात फारसं जात नसे. ते जायचं निरोप घेऊन वाट बघण्यात. ती वाट बघणं आम्ही कंटाळवाणं म्हणून गाळलं. आणि ज्याच्याकडं स्वतःची मोटार होती, त्याला वाट बघावी लागतच नव्हती. म्हणजे आम्ही गाळला तो वेळ नेमका कुणाचा, हेही पाहिलं पाहिजे.

पण सगळं सांगितलं की पोरी झोपतात, हेही खरं.

नातीनंच शोधाशोध करून मला आणखी एक खेळ सांगितला. 'ट्रॅव्हलर' नावाचा, मार्क मिलर या अमेरिकन माणसानं १९७७ साली काढलेला. त्यात एका ताऱ्याहून दुसऱ्या ताऱ्याला जहाजं जातात. अंतर कमी असो वा जास्त, एका उडीला साधारण एक आठवडा लागतो, आणि त्या आठवड्यात काय झालं ते रोजचं रोज कुणी सांगत बसत नाही. मात्र तिकिटं कशी, ते बघा. वरच्या वर्गाचं तिकीट महाग. मधल्या वर्गाचं थोडं स्वस्त, पण ऐनवेळी वरच्या वर्गाचा उतारू आला तर मधल्याला खाली उतरवतात. सगळ्यात स्वस्त तिकीट काढणाऱ्याला गोठवून झोपवतात, आणि पोचल्यावर तो जागा होतो की नाही ते फासा ठरवतो. मी हसलो. मार्क मिलर आमच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात कधी बसला असेल असं नाही, पण त्याला वर्ग म्हणजे काय ते कळलं होतं. आठवडा त्यानं गाळला. तिकीट काढतानाचा जीव मुठीत धरणं ठेवलं.

मग मी नातीला लिहिलं की अकरा पानं फाडून टाक. परभणी विसर, परळी विसर. "दीड दिवसानं तुम्ही लातूर रोडला उतरलात, अंगावर कोळशाची भुकटी आहे," एवढं एका वाक्यात सांग. पण तिथं थांब. रात्र आहे. लातूरला जाणारी मोटार सकाळी. स्टेशनावर आणखी दोन अनोळखी माणसं बसली आहेत आणि त्यांतला एक फार चौकश्या करतोय. आता विचार, चिठ्ठी कुणाजवळ ठेवायची? आणि दुसरा थांबा सरहद्दीचा. करोडगिरीचा माणूस माल शोधतो, कागद नाही. तो मुनिमाचं गाठोडं उघडेल, विधवेच्या पोथीला हात लावायला कचरेल. पण मुनिमाजवळ हालीच रुपये असले आणि पलीकडं कलदार लागले, तर? जिथं माणसाला काहीतरी ठरवावं लागतं, तिथं गाडी थांबव. बाकी वेळ सुटू दे.

हे मला कुठून सुचलं, म्हणाल तर पुस्तकातून नाही. लहानपणी आम्ही एसटी-एसटी खेळायचो. नांदेडला आमच्या वाड्यात पोती एकामागं एक मांडायची, भोवती सुतळी धरायची. ड्रायव्हर आणि कंडक्टर व्हायला भांडणं. कंडक्टरचा मान जास्त, कारण घंटी त्याच्या हातात. एक घंटी थांबा, दोन घंटी चला. पण प्रवासी व्हायला कुणी तयार नसे. नुसतं बसून काय करायचं? मग आमच्यातल्याच एका पोरानं युक्ती काढली. तो उशी बगलेत धरून बसला आणि म्हणाला, "हे लेकरू चारच वर्षांचं हाय, याचं तिकीट न्हाई." झालं! कंडक्टर म्हणतो सहा वर्षांचं आहे, हा म्हणतो चार. त्या दिवसापासून प्रवासी व्हायला रांग लागली. कुणी कोंबडी आणायचा, कुणी सुटे पैसे नाहीत म्हणायचा. त्या काळात सुट्या पैशांचं भांडण खरंही होतं. दहा वर्षांच्या आत आमच्या भागातल्या माणसांनी हाली सोडून आणे धरले आणि १९५७ साली आणे सोडून नवे पैसे धरले. म्हाताऱ्या बायका मुठीत सगळीच नाणी ठेवायच्या आणि कंडक्टरपुढं मूठ उघडायच्या. घे बाबा तुला लागेल ते.

आता पोरं मोबाईलवर बस चालवतात. 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' नावाचा एक खेळ आहे, आपल्या पोरांनी त्यातल्या बसला लाल रंग देऊन, नाव घालून तिची एसटी केली आहे. इंडोनेशियातही गाड्या डाव्या बाजूनं चालतात, त्यामुळं ती तिथं शोभतेही. आमच्या शेजारचा मुलगा तासन् तास चालवतो. वळण, ब्रेक, आरसा, सगळं हुबेहूब. पण मी पाहिलं, त्याला कंडक्टर लागत नाही, आणि चार वर्षांचं लेकरू कुणी बगलेत धरून चढत नाही. यंत्राची नक्कल झाली आहे. गाडी मात्र रिकामी वाटते.

तर, १९५९ चा पावसाळा. मी दहा वर्षांचा. माझी आजी लातूरला काकांकडं होती. तार आली, तिची तब्येत बरी नाही, निघा. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नाना आणि मी दुपारच्या बसनं निघालो. लोहा गेलं आणि पुढं मन्याड नदीला पूर. तेव्हा तिथं उंच पूल नव्हता, फरशी होती, आणि फरशीवरून पाणी जात होतं. ड्रायव्हरनं गाडी अलीकडं उभी केली. तासाभरात उतरेल म्हणता म्हणता अंधार झाला. जवळच्या गावातल्या मारुतीच्या देवळात सगळे उतारू जाऊन बसले.

मंडळी, ती रात्र माझ्या लहानपणातल्या सगळ्यात आनंदाच्या रात्रींपैकी एक आहे. कंडक्टरनं गावात फिरून पीठ जमा केलं, गावातल्या बायकांनी भाकरी आणि पिठलं करून आणलं. एका उताऱ्याजवळ बकरी होती, ती देवळाच्या खांबाला बांधली. कंदील आला. आणि कंडक्टरनं मला त्याची रिकामी पेटी गळ्यात घालू दिली, हातात पंच दिला, रद्दी कागदाचे तुकडे दिले. खरा पंच! गावातली पोरं जमली. देवळाच्या पायऱ्या म्हणजे बाकडी. मी ओरडून तिकिटं फाडतोय, भोकं पाडतोय, उतारू हसतायत, कुणी सोलापूरचं मागतंय, कुणी थेट दिल्लीचं.

नाना देवळात नव्हते. ते नदीच्या काठी छत्री घेऊन बसले होते. पाण्याच्या कडेला त्यांनी एक काठी रोवली होती आणि मधून मधून काडी ओढून ते बघत, पाणी काठीच्या वर आहे की खाली. मी पेटी घेऊन तिथं गेलो आणि कंडक्टरच्या आवाजात विचारलं, "कुठं जायचंय?" ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "लातूर." मी कागदाला भोक पाडून त्यांना दिला. तो त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवला.

सकाळी उशिरा पाणी उतरलं. दुपार टळल्यावर लातूरला पोचलो, तेव्हा आजीचं सगळं आटोपलं होतं. नाना घरात न शिरता तसेच स्मशानाकडं गेले. त्यात कुणाची चूक नव्हती. नदीला पूर आला होता, एवढंच. पण इतकी वर्षं मी ती रात्र कुणाला सांगितली नाही, कारण सांगायची तर कशी सांगायची? एकाच देवळाच्या आवारात माझी गंमत चालली होती आणि पन्नास पावलांवर नानांची आई निघून चालली होती. गंमत खोटी नव्हती आणि ते दुःखही खोटं नव्हतं. मी पहिल्यांदा सांगितली ती फोनवर, या नातीला, खेळासाठी माहिती म्हणून.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "आबा, हे खेळात घेऊ का?" मी म्हणालो, घे.

चिठ्ठी कॅम्पात पोचली होती. परतीचा प्रवास सडकेनं होता, म्हणून तिनं परतीच्या वाटेवर मन्याड आणली. हिवाळ्यात पूर कसा, असं मी विचारलं, तर म्हणाली, "आबा, महिने मी पुढं नेलेत, तेवढं चालतं." मोटार अलीकडं थांबली. देऊळ, कंदील, पिठलं, बकरीसुद्धा. मुनीम आणि क्लीनर यांनी धमाल केली, पीठ मागायला गेले, गावच्या पाटलाशी भांडले, हसून हसून पुरेवाट. विधवेची भूमिका करणाऱ्या मुलीला मात्र नातीनं लातूरहून निघतानाच एक कागद गुपचूप दिला होता. त्यात लिहिलं होतं, नांदेडला तुझी आई अंथरुणाला खिळली आहे. ती मुलगी मूळची मुखेडकडची. तिनं फासा घेतला नाही. "मी पाण्याजवळ बसते," म्हणाली, आणि खोलीतल्या खिडकीपाशी जाऊन खरंच बसली. बाकीच्या हसत होत्या, त्या एकेक करून गप्प झाल्या. मग शाळकरी मुलगा झालेली पोर उठून तिच्याशेजारी जाऊन बसली. नात सांगत होती की तिनं सूत्रधार म्हणून पाणी केव्हा उतरवायचं, हे तिला ठरवताच येईना.

येत्या रविवारी त्यांनी मला खेळायला बोलावलं आहे. नवी गोष्ट १९६१ सालातली आहे आणि मला कंडक्टर दिला आहे. पंच नाही, म्हणून नातीनं ऑफिसात कागदाला भोकं पाडायचं यंत्र आणून ठेवलंय. मी सकाळच्या गाडीनं निघणार आहे, लोहा, अहमदपूर, चाकूर. पंचाहत्तरी उलटलेल्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे. पण कंडक्टर शून्य रुपयांचं का होईना, तिकीट देतोच. ते मी जपून नेणार आहे.